मुका मार : प्रयोगशाळेतील अभ्यास आणि आपले उपचार

वार्षिक अहवालात आर्थिक पत्रके आणि विभागवार कामकाजाचा आढावा यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयावरील अभ्यासलेख देण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा त्यासाठी आम्ही ‘मुका मार’ हा विषय निवडला आहे. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांच्या मानाने तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि, अपघात विभागाची नोंदवही चाळणाऱ्यास हे दोन शब्द पानोपानी आढळतात. मोटारसायकलवरून पडलेला तरुण, गोठ्यात म्हशीची धडक बसलेली गृहिणी, कबड्डीच्या मैदानावर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मांडीत बसलेला खेळाडू, पोत्यांच्या थप्पीखाली पाय सापडलेला हमाल, हे सारे या एकाच सदराखाली येतात. कातडी फाटलेली नाही, हाड मोडलेले नाही, क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. तेव्हा कागदावर ‘मुका मार’ असे लिहिले जाते, वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि रुग्ण घरी जातो.

आम्ही वैद्यकशाखेचे नव्हे, वाणिज्य शाखेचे. प्रशासनाच्या टेबलावर हा विषय येतो तो खर्चमंजुरीच्या रूपाने. अमुक यंत्र घ्यावे काय, तमुक इंजेक्शनाचा साठा ठेवावा काय, रुग्णांना द्यावयाच्या सूचनापत्रकात बर्फाविषयी काय छापावे, असे ते प्रश्न असतात. या मागण्यांमागे पुरावा कोणता, हे समजून घेण्यासाठी आम्ही अस्थिरोग आणि भौतिकोपचार विभागांतील सहकाऱ्यांच्या साहाय्याने या विषयावरील प्रकाशित संशोधन वाचले. त्यातील बराच भाग रुग्णालयात नव्हे, तर प्रयोगशाळेत झालेला आहे. त्याचा परिचय हितचिंतकांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू.

प्रथम ही दुखापत म्हणजे काय, ते पाहू. बोथट वस्तूचा जोराचा आघात झाला की स्नायू आघात करणारी वस्तू आणि आतील हाड यांच्यामध्ये चेपला जातो. ऐरणीवर ठेवलेल्या वस्तूची जी गत, तीच त्याची. म्हणूनच मांडीच्या पुढील भागास मार बसला असता पृष्ठभागाजवळच्या स्नायूपेक्षा हाडालगतच्या स्नायूला अनेकदा अधिक इजा होते. स्नायुतंतू तुटतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साकळते. ते दोन स्नायूंच्या मधल्या फटीत उतरले तर एक-दोन दिवसांत मूळ जागेच्या खाली काळानिळा डाग उमटतो. पुढे तो हिरवट व नंतर पिवळा होतो, कारण रक्तातील लाल रंगद्रव्याचे विघटन होऊन आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. रक्त एकाच स्नायूच्या आवरणात कोंडले गेले, तर मात्र बाहेर डाग दिसत नाही आणि आतला दाब वाढत राहतो. ज्याचा डाग मोठा त्याची दुखापत मोठी, हा सर्वसामान्य समज त्यामुळे फसवा ठरतो.

खेळांत होणाऱ्या स्नायूंच्या दुखापतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दुखापती मुका मार किंवा ताण या दोनच प्रकारांत मोडतात, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. इतकी सर्रास आढळणारी दुखापत असूनही माणसांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करणे अवघड आहे. दोन रुग्णांना बसलेला मार कधीही सारखा नसतो. एकाला लाथ बसलेली असते, दुसऱ्याला दगड लागलेला असतो. एक तासाभरात येतो, दुसरा चार दिवस तेल चोळून झाल्यावर येतो. एक विशीतला, तर दुसरा साठीतला. अशा दोघांना दोन निरनिराळी औषधे दिली आणि एक लवकर बरा झाला, तर श्रेय औषधाचे की मार हलका असल्याचे, हे सांगणार कोण? शिवाय स्नायू आतून कितपत भरून आला हे पाहण्यासाठी रुग्णाच्या मांडीचा तुकडा काढून घेणे कोणासही प्रशस्त वाटणार नाही. ही अडचण दूर करण्यासाठीच प्रयोगशाळेत मोजून-मापून मार देण्याची पद्धत विकसित झाली.

ठोक्याचे मोजमाप

फिनलंडमधील मार्क्कू यार्विनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास भूल दिलेल्या पांढऱ्या उंदराच्या पोटरीवर स्प्रिंगच्या हातोडीने ठरावीक जोराचा ठोका देऊन इजा निर्माण करण्याची पद्धत वापरली. पुढे वजन सोडण्याची पद्धत रूढ झाली. १९९४ मध्ये क्रिस्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदराच्या पोटरीवर एक गोलाकार टोकाचा ठोकळा टेकवलेला असे आणि त्यावर १७१ ग्रॅम वजन १०२ सेंटिमीटर उंचीवरून सरळ नळीतून सोडले जाई. पिट्सबर्गमधील संशोधकांनी लहान उंदरांसाठी याच धर्तीवर १६.२ ग्रॅम वजनाची पोलादी गोळी एक मीटरवरून सोडण्याची पद्धत वापरली.

या आकड्यांचा अर्थ लावण्यास शालेय पदार्थविज्ञान पुरेसे आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ठोक्याची ऊर्जा मिळते. पहिल्या प्रयोगात ती सुमारे १.७ जूल, तर दुसऱ्यात सुमारे ०.१६ जूल, म्हणजे जवळजवळ एकदशांश भरते. दोन्ही लेखांच्या शीर्षकांत शब्द एकच असले तरी एका प्रयोगातील निष्कर्ष दुसऱ्याच्या खात्यावर परस्पर वर्ग करता येत नाही. प्राणी वेगळा, ऊर्जा वेगळी आणि ठोक्याचे क्षेत्रफळही वेगळे. उपचारांची जाहिरात करणारी पत्रके वाचताना ही बाब ध्यानात ठेवणे आम्हास फार उपयोगी पडले आहे.

मारलेला ठोका पुन्हापुन्हा तसाच बसावा, हाडाचा भंग होऊ नये आणि कातडी फाटू नये, या तीन अटी पाळल्या गेल्या तरच तो मुका मार. त्यासाठी पायाची जागा, सांध्याचा कोन आणि स्नायूची स्थिती निश्चित करावी लागते. स्नायूच्या स्थितीचा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु त्यातूनच एक रोचक गोष्ट हाती आली. येलच्या त्याच संशोधकांनी १९९६ मध्ये असे दाखवून दिले की, आघाताच्या क्षणी स्नायू पूर्ण आकुंचित असेल, तर आघाताचा परिणाम सौम्य होतो. सैल स्नायू मात्र हाडापर्यंत चेपला जातो. तालमीतले वस्ताद पोरांना ‘अंग कडक ठेव’ म्हणून बजावतात, त्यास अशा रीतीने एका यंत्राची साक्ष मिळाली.

प्रयोगशाळांत स्नायूला इजा करण्याच्या इतरही पद्धती आहेत. चिमट्याने दाबणे, अतिथंड धातू टेकवणे, पात्याने कापणे, अथवा नागकुळातील सापांच्या विषातून मिळणारे कार्डिओटॉक्सिन टोचणे. शेवटची पद्धत सोपी आणि खात्रीची असल्याने जीवशास्त्रज्ञांना प्रिय आहे. परंतु विषाने तंतू मरतात ती तऱ्हा आणि आघाताने रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळते ती तऱ्हा या दोन भिन्न गोष्टी होत. मुक्या मारावरील औषधाची शिफारस करणारा निबंध प्रत्यक्षात कोणत्या इजेवरील प्रयोगाचा आहे, हे आधी पाहावे लागते.

स्नायू भरून येतो कसा

ठोका दिल्यानंतर ठरावीक दिवसांनी प्राण्यांची तपासणी होते. भूल दिलेल्या अवस्थेत स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूला विजेचे सूक्ष्म झटके देऊन स्नायू किती जोराने आकसतो हे मोजतात. दुसऱ्या पायाचा अबाधित स्नायू तुलनेसाठी हाताशी असतोच. मग स्नायूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नव्याने तयार झालेल्या तंतूची केंद्रके कडेला न राहता मधोमध दिसतात, ही दुरुस्तीची ठळक खूण. याखेरीज स्नायू ताणला असता कोणत्या जागी आणि किती ओढीने तुटतो, वणातील कोलॅजनचे प्रमाण किती, रक्तात स्नायूतील विकरे किती उतरली, हेही मोजले जाते.

या तपासण्यांतून भरून येण्याचा जो क्रम दिसला, तो थोडक्यात असा. पहिल्या तासांत तुटलेले तंतू कुजू लागतात आणि दाह सुरू होतो. साधारण पहिल्या दिवसापासून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तेथे जमू लागतात. त्या मृत भाग गिळून जागा साफ करतात आणि दुरुस्तीचे रासायनिक संदेशही सोडतात. स्नायुतंतूच्या आवरणाखाली निद्रिस्त असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि आठवड्या-दीड आठवड्यात त्या परस्परांत मिसळून कोवळे तंतू तयार होतात. याच सुमारास दुसरीकडून वणाचे धागे विणले जात असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वणाने जागा अधिक व्यापली, तर नव्या तंतूंना एकमेकांपर्यंत पोहोचता येत नाही आणि स्नायू कायमचा काहीसा दुबळा राहतो.

या सॅटेलाइट पेशींचा शोध १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण करताना लावला. त्यापूर्वी स्नायू पुन्हा वाढतो हे ठाऊक होते, पण वाढतो कोठून, हे नीटसे उमगले नव्हते.

येथे दाहाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. सूज आणि वेदना हे शत्रू, ते जितक्या लवकर दडपावे तितके बरे, अशी रुग्णाची आणि बहुधा उपचारकर्त्याचीही धारणा असते. वरील क्रम पाहिला की दिसते, सूज आणणारी प्रक्रियाच साफसफाई करणाऱ्या पेशींना बोलावून आणते. ती मर्यादेबाहेर गेली तर हानी होते, परंतु ती मुळीच होऊ दिली नाही तरीही हानी होते. प्रयोगशाळेचे खरे उपकार येथून पुढे आहेत.

दुसरा दिवस आणि चौदावा दिवस

येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आमच्या मते प्रत्येक रुग्णालयाच्या खरेदी समितीने वाचावा असा आहे. बाइनर व सहकाऱ्यांनी उंदरांच्या पोटरीला मुका मार देऊन त्यांचे गट पाडले. एका गटास कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, दुसऱ्यास नँड्रोलोन हे स्नायुवर्धक स्टेरॉइड दिले, तर तिसरा गट तुलनेसाठी ठेवला. दुसऱ्या दिवशी मोजले तेव्हा कॉर्टिकोस्टेरॉइड दिलेल्या उंदरांच्या स्नायूंचा जोर उपचार न झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक भरला. प्रयोग तेथेच थांबवला असता, तर औषध गुणकारी असल्याचा निर्वाळा देऊन संशोधक मोकळे झाले असते. सातव्या दिवशी चित्र उलटले. चौदाव्या दिवशी त्या गटातील स्नायूंचा ऱ्हास झालेला होता आणि तंतूंची रचना विस्कटलेली होती. याउलट स्नायुवर्धक स्टेरॉइडने आरंभी काहीच फरक दाखवला नाही. चौदाव्या दिवशी मात्र तो गट तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरला. या दुसऱ्या औषधाचे दुष्परिणाम अनेक असून ते खेळाडूंना निषिद्ध आहे, त्यामुळे ही माहिती कोणी उपचार म्हणून घेऊ नये.

ज्या दिवशी रुग्ण समाधानी असतो तो दुसरा दिवस, आणि ज्या दिवशी नुकसान दिसते तो चौदावा. आमच्याकडील बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर पुन्हा फिरकत नाहीत. लवकर आराम पडला म्हणजे उपचार योग्य होता, हा हिशेब अर्धवट आहे. तिमाही पत्रक पाहून वर्षाचा नफा जाहीर करण्यासारखाच तो प्रकार म्हणावा लागेल.

विश्रांती की हालचाल, या जुन्या वादावर फिनलंडच्या प्रयोगांनी बराच प्रकाश टाकला. उंदरांचा इजा झालेला पाय काही गटांत बांधून ठेवला, काही गटांत मोकळा सोडला. पहिल्या क्षणापासून मोकळा सोडलेल्या पायात वण मोठा झाला. दीर्घ काळ बांधून ठेवलेल्या पायात वण लहान राहिला, पण स्नायू दुबळे झाले आणि नवे तंतू वेडेवाकडे वाढले. सुरुवातीचे थोडे दिवस, आठवड्याहून कमी काळ, विश्रांती देऊन मग हालचाल सुरू केलेल्या पायांत नव्या रक्तवाहिन्या, तंतूंची सरळ मांडणी आणि ओढ सहन करण्याची ताकद या तिन्ही बाबी चांगल्या आढळल्या. आज आपल्या भौतिकोपचार विभागात मांडीच्या माराच्या रुग्णास तीन-चार दिवसांनंतर वेदनेच्या मर्यादेत गुडघा वाकवण्यास सांगितले जाते, त्यामागे हा पुरावा आहे. ‘पंधरा दिवस पाय हलवू नका’ असे घरचे वडीलधारे सांगतात. त्यांच्या सांगण्याचा मान राखूनही हे नमूद करणे भाग आहे.

अल्ट्रासाउंड यंत्राविषयी मात्र आमची थोडी निराशा झाली. पोटाच्या सोनोग्राफीचे यंत्र ते हे नव्हे. दुखऱ्या जागेवर जेल लावून फिरवायचे उपचाराचे यंत्र. आपल्याकडे त्याचा खप मोठा आहे, आणि ‘लाईट घ्यायला जातो’ असे म्हणणाऱ्या रुग्णांचा त्यावर विश्वासही मोठा आहे. १९९९ मध्येच रांटानेन व सहकाऱ्यांनी मुका मार दिलेल्या उंदरांवर त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आरंभीच्या दिवसांत सॅटेलाइट पेशींची संख्या वाढलेली दिसली, परंतु स्नायूच्या एकूण भरून येण्यावर उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. एका घटकात वाढ दिसली म्हणून अंतिम शिल्लक वाढतेच असे नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

बर्फाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकातून रूढ केली आणि ती जगभर पाठ झाली. पुढे २०११ मध्ये जपानमधील ताकागी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या पायाचा स्नायू दाबून इजा केली आणि काही उंदरांना तत्काळ वीस मिनिटे बर्फ लावला. बर्फ लावलेल्या गटात मॅक्रोफेज पेशी उशिरा पोहोचल्या, दुरुस्ती मंदावली आणि वणाचे प्रमाण वाढले. मिर्किन यांनी स्वतः नंतर आपले मत बदलून बर्फामुळे दुरुस्ती लांबू शकते असे जाहीर केले. एवढ्यावर बर्फाच्या पिशव्या टाकून द्याव्यात असे कोणास वाटेल. परंतु २०२३ मध्ये जपानमधूनच आलेल्या एका प्रयोगात, इजा हलकी असताना बर्फाने दुरुस्तीस उलट मदतच झाल्याचे दिसले. तेव्हा प्रश्न बर्फाचा नसून इजेच्या प्रमाणाचा असावा असे दिसते. त्यात आणखी एक मुद्दा आहे. उंदराचा स्नायू काही मिलिमीटर जाडीचा, त्यावर बर्फ ठेवला की तो आरपार गार होतो. माणसाच्या मांडीत कातडीखाली चरबीचा थर आणि मग जाड स्नायू. आपल्या सूचनापत्रकात ‘पहिल्या दिवशी वेदना कमी करण्यासाठी, फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ’ इतपतच बर्फाचा उल्लेख ठेवण्याचे आम्ही व आमच्या तज्ज्ञांनी ठरवले आहे. बर्फाने मार लवकर भरतो, असे विधान त्यात नाही.

वण कमी करणारी औषधे शोधण्याचेही प्रयत्न चालू आहेत. रक्तदाबावरील लोसार्टन या परिचित गोळीने लहान उंदरांच्या कापलेल्या स्नायूतील वण कमी झाल्याचे पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. घरातील वडिलधाऱ्यांची रक्तदाबाची गोळी मुक्या मारावर घेऊन पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये.

उंदरापासून माणसापर्यंत

प्रयोगशाळेतील ज्ञान माणसांवर कसे तपासले गेले, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील वेस्ट पॉइंट या लष्करी प्रशिक्षण संस्थेचे आहे. तेथे तरुण छात्र एकाच वयाचे, एकाच शिस्तीतले, आणि खेळात मांडीला मार लागण्याचे प्रसंग वारंवार येणारे. १९७३ मध्ये जॅक्सन व फेगिन यांनी अशा ६५ दुखापतींचा अहवाल दिला. गुडघा सरळ ठेवून विश्रांती देण्यावर त्या काळी भर होता. मध्यम दुखापतीस सरासरी ५६ दिवस आणि तीव्र दुखापतीस ६० हून अधिक दिवस लागले. सुमारे २० टक्के छात्रांच्या स्नायूत पुढे हाडासारखा कठीण भाग तयार झाला. १९९१ मध्ये रायन व सहकाऱ्यांनी तेथीलच ११७ दुखापतींचा अहवाल दिला, तोवर पद्धत बदलली होती. आरंभीपासून गुडघा वाकवलेल्या स्थितीत ठेवून लवकर हालचाल सुरू केली जाई. मध्यम दुखापतीस १९, तर तीव्र दुखापतीस २१ दिवस लागले आणि हाड तयार होण्याचे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये नौदल अकादमीतील ४७ छात्रांविषयीच्या अहवालात, दुखापतीनंतर लगेच गुडघा १२० अंशांत वाकवून चोवीस तास बांधून ठेवल्यास छात्र सरासरी साडेतीन दिवसांत मैदानावर परतले, असे नमूद आहे.

आकडे प्रभावी आहेत, म्हणूनच ते जपून वाचले पाहिजेत. सौम्य दुखापतींत १९७३ ची सरासरी साडेसहा दिवस होती आणि १९९१ ची तेरा, म्हणजे तेथे चित्र उलट दिसते. दोन्ही अहवालांत जवळजवळ दोन दशकांचे अंतर आहे आणि एकाच वेळी दोन पद्धतींची शेजारी शेजारी तुलना केलेली नाही. प्रयोगशाळेत जे सहज साधते, ते माणसांच्या बाबतीत येथेही साधलेले नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांचा हा विषय असल्याने त्यामागील नैतिक प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. मुका मार देणे म्हणजे जाणूनबुजून इजा करणे होय. रसेल व बर्च या ब्रिटिश अभ्यासकांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या कमी करणे आणि त्यांच्या यातना कमी करणे, ही आज जगभर आधारभूत मानली जाते. आपल्या देशात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ चे नियम लागू आहेत. प्रयोग करणाऱ्या संस्थेस नोंदणी करावी लागते, प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो आणि त्यावर केंद्रीय समितीची देखरेख असते. आमच्या रुग्णालयात असे प्रयोग होत नाहीत. परंतु त्यांच्या निष्कर्षांचा लाभ आम्ही रोज घेत असल्याने प्रश्न आमचाही आहे.

यातील एक पेच आम्हास विशेष विचार करण्याजोगा वाटला. प्रयोगानंतर प्राण्यास वेदनाशामक देणे हे कर्तव्यच. परंतु दाह कमी करणारी नेहमीची वेदनाशामके स्नायूच्या दुरुस्तीवरच परिणाम करतात, त्यामुळे ती दिली की प्रयोगाचे उत्तर बदलते. म्हणून अनेक ठिकाणी वेगळ्या जातीचे, अफूवर्गीय वेदनाशामक निवडले जाते. उंदराला कोणती गोळी द्यावी याचा इतका विचार होतो आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानातून तीच नेहमीची गोळी चिठ्ठीविना पंधरा-पंधरा दिवस घेतली जाते, हे पाहून मन अस्वस्थ होते.

चोळण्याविषयी आणि धोक्याच्या खुणांविषयी

मुका मार लागल्यावर तेल लावून रगडून चोळण्याची आपली पद्धत सार्वत्रिक आहे. आंबेहळदीचा लेप लावण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण पहिल्या दिवसांत जोरात चोळल्याने थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो, आणि स्नायूत हाड तयार होण्याची भीती वाढते असे तज्ज्ञ मानतात. दोन-तीन आठवड्यांनीही मांडीतील गाठ कठीण लागत असेल आणि गुडघा वाकत नसेल, तर पुन्हा क्ष-किरण चित्र काढावे लागते. पहिल्या दिवशीच्या चित्रात हा बदल दिसतच नाही, तो दिसण्यास तीन-चार आठवडे जातात. हा भाग घाईने शस्त्रक्रिया करून काढल्यास पुन्हा वाढू शकतो, म्हणून बहुधा काही महिने वाट पाहिली जाते.

क्वचित हा ‘किरकोळ’ मार प्राणावर बेततो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबहल्ले झाले, तेव्हा ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय दबलेल्या काही माणसांना सुखरूप बाहेर काढले गेले. आरंभी ती बरी दिसली, मग पाय सुजले, लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. एरिक बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले. चेपलेल्या स्नायूतून सुटलेले मायोग्लोबिन हे लाल द्रव्य मूत्रपिंडास घातक ठरते, हे त्यानंतर सशांवरील प्रयोगांतून स्पष्ट होत गेले. भिंत, वाहन किंवा मालाची थप्पी अंगावर पडून बराच वेळ दबलेला रुग्ण म्हणूनच जखम नसली तरी ताबडतोब रुग्णालयात आणावा. लघवी गडद, चहासारखी होणे; पोटरी किंवा मांडी दगडासारखी कडक होणे; बोटे ताणली असता असह्य कळ येणे; पाय बधिर वाटणे, यांपैकी एकही खूण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. बंदिस्त आवरणातील दाब वाढल्यास ते आवरण काही तासांतच शस्त्रक्रियेने मोकळे करावे लागते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साध्या मारालाही साधे समजू नये.

या अभ्यासानंतर विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन प्रस्ताव ठेवले आहेत. मुक्या मारासाठी कॉर्टिकोस्टेरॉइड इंजेक्शनाचा वेगळा साठा करू नये. उपचाराचे दुसरे अल्ट्रासाउंड यंत्र तूर्त घेऊ नये. त्यासाठी राखलेली रक्कम भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सायंकाळच्या वेळेसाठी वापरावी, म्हणजे दिवसभर मजुरी करणाऱ्यांनाही व्यायाम शिकता येतील. तिसरा प्रस्ताव सर्वांत कमी खर्चाचा आहे. मांडी किंवा पोटरीच्या मुक्या माराच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर चौदाव्या दिवसाची तारीख लिहून द्यावी आणि त्या दिवशीच्या तपासणीचे शुल्क आकारू नये.